इथेलकाकांच्या मानेमागून

...आणि वर मलाच विचारतात, "काय क्लेडविन, जर्मनीला जाऊन आलास म्हणे, मजा आली ना?" मजा! अहो, कसली मजा आणि कसलं काय! चौतीस वर्षं गातोय मी वेल्समधल्या आमच्या ब्लाएनगारेग गावच्या कॉयरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या गायकवृंदात, चौतीस! दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चॅपेलच्या मागच्या खोलीत, पाऊस असो, बर्फ असो, घरात बायको तापाने फणफणलेली असो, मी आपला हजर! आणि या चौतीस वर्षांत माझा आवाज कसा आहे ते एका माणसाला तरी माहीत असावं? छे! का? तर मी सेकंड टेनर. आणि सेकंड टेनरला कोण विचारतो हो?

तुम्हाला सांगतो, पुरुषांच्या कॉयरमध्ये चार जाती असतात. वरचे टेनर, त्यांना चाल मिळते, त्यांना बायका मिळतात, टाळ्या मिळतात. खालचे बेस, ते नुसते घुमले तरी लोकांच्या अंगावर काटा येतो. मधले बॅरिटोन, त्यांना निदान स्वतःबद्दल बरं वाटतं. आणि आम्ही? एका आख्ख्या गाण्यात मला एकच सूर आहे, अकरा वेळा! अकराव्यांदा जरासा वर जातो आणि परत खाली. नेस्टबाई, म्हणजे आमच्या मास्तरीणबाई, काठी उगारून म्हणतात कशा, "सेकंड टेनर, तुम्ही ऐकू येता कामा नये, पण तुम्ही नसलात तर कळलं पाहिजे!" आता यावर माणसाने काय करावं? गावं की मरावं?

बायको म्हणते, डिलिस म्हणते, "चौतीस वर्षं तुझे शर्ट इस्त्री करतेय मी. त्या कोलाहलात तुझा आवाज कुठला ते एकदा कळू दे, म्हणजे मी सुखाने इस्त्री बंद करीन." खोटं नाही सांगत, लागलं ते मनाला. मी घरी गात नाही. घरी सेकंड टेनर गाऊन बघा एकदा, कुत्रंसुद्धा उठून बाहेर जातं.

तर झालं काय, यंदा जर्मनीतल्या एका गावाने आम्हाला गायला बोलावलं होतं, आणि ईस्टरच्या तालमीला इथेलकाका उठून उभे राहिले. इथेलकाका म्हणजे आमच्या कॉयरचा कळस. वय एकोणऐंशी. पाटीच्या दगडाच्या खाणीवर मुकादम होते, मला डो-रे-मी, सुरांची बाराखडी, त्यांनीच शिकवली, फळीवर खडूने लिहून, चुकलं की डोक्यात टपली. आमच्याकडे एक गाणं आहे, 'दरीतली हाक'. खाणीतला माणूस पलीकडच्या डोंगरावरच्या भावाला हाक मारतो, बाकी सगळे नुसते तोंड मिटून गुणगुणतात आणि एकटा माणूस सोळा ओळी म्हणतो. शेवटी सूर असा वर जातो, वर जातो आणि तिथेच थांबतो. तो सोलो सत्तावीस वर्षं इथेलकाकांचा. दुसऱ्या कुणी न्हाणीघरातसुद्धा म्हणायचा नाही! तर ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरा, जर्मनीत हे तू म्हण. माझं झालं."

पोरा! एकसष्ट वर्षांचा घोडा मी, पण डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. नेस्टबाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं. कार्यक्रमपत्रिका छापून आली, तिच्यात ठसठशीत अक्षरांत, 'एकल स्वर: क्लेडविन प्रोबर्ट.' डिलिसने ती फ्रिजवर चिकटवली आणि म्हणाली, "मी येते जर्मनीला." चौतीस वर्षांत कधी शेजारच्या गावच्या कार्यक्रमाला आली नाही ही बाई! नवीन कोट घेतला. फोन घेतला नवीन, रेकॉर्डिंगसाठी. मी म्हटलं, देवा, आता एकदाच, एकदाच निभावून ने.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही, तुम्ही आपले परके म्हणून सांगतो. आमच्या कॉयरमध्ये कुणालाही "आता पुरे" असं म्हणायचं नाही. तशी रीतच आहे. आवाज गेला, कान गेला, दात गेले, तरी माणूस स्वतःहून कॉयरचा ब्लेझर धुऊन, घडी करून परत आणून देत नाही तोवर तो कॉयरमध्ये. म्हणून मग काय करायचं? तर ज्याचा आवाज गेला, त्याच्या बरोबर मागे एक धडधाकट माणूस उभा करायचा. पुढचा तोंड उघडतो, मागचा गातो! आणि मागच्याने ब्र काढायचा नाही. घरी नाही, दारी नाही, पबमध्ये चार ग्लास पोटात गेल्यावरही नाही.

इथेलकाकांचा आवाज गेला त्याला चार वर्षं झाली. आवाज गेला ते गेला, मागोमाग शब्दही जायला लागले. आणि आम्ही तर कागद हातात धरत नाही, सगळं पाठ! मग चार वर्षं 'दरीतली हाक' कोण म्हणत होतं? मी! त्यांच्या मानेमागून! चार वर्षं मी एका म्हाताऱ्याच्या मानेला गाणं ऐकवतोय, महाराजा. त्या मानेवर डाव्या बाजूला एक तीळ आहे आणि त्याच्यात दोन पांढरे केस आहेत, मी बायकोचा चेहरा विसरेन पण तो तीळ विसरणार नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, "वा इथेल, या वयात काय आवाज!" आणि मी मागे उभा, घशाला कोरड, तोंडावर मंद हसू. सेकंड टेनरला कोण विचारतो?

पण आता पत्रिकेत माझं नाव होतं. छापील! तर निघालो एकदाचे. पहाटे पाचला बस. अडतीस माणसं, सरासरी वय बहात्तर, प्रवास बावीस तासांचा आणि बसमध्ये संडास एक. पुढचं तुम्हीच समजून घ्या. आमचा सेक्रेटरी गोरोन्वी, त्याला माइक दिसला की खाज सुटते, तो सुरू, "सज्जनहो, संडासाचा उपयोग फक्त अडीअडचणीला करावा!" अरे बाबा, बहात्तराव्या वर्षी सगळी अडीअडचणच असते! मागून कुणीतरी ओरडला, "गोरोन्वी, तू स्वतः तिसऱ्यांदा चाललायस!" त्यावर हा म्हणतो कसा, "मी तपासणीला गेलो होतो!" बोटीवर समुद्र खवळलेला. बेसवाले कठड्याला धरून एका सुरात ओकले. त्या आठवड्यात त्यांचा सूर जुळला तो तेवढाच.

आणि पोचलो तर काय? हाल्टेनबाख गावाच्या वेशीवर बँड उभा, नगराध्यक्ष गळ्यात साखळी घालून उभे, फुलं, पोरं, सगळं यथासांग... आणि वर हा एवढा मोठा फलक, 'इंग्लंडच्या पुरुष कॉयरचे स्वागत असो!' इंग्लंडच्या! आम्ही! वेल्सच्या डोंगरातल्या माणसांना इंग्लंडचे म्हणतात! बस थांबली, दार उघडलं, आणि एक माणूस उतरेल तर शपथ. अडतीस म्हातारे हाताची घडी घालून बसून राहिले. बाहेर बँड वाजतोय, वाजतोय, तेच गाणं चौथ्यांदा वाजतंय. ड्रायव्हर म्हणाला, "अहो, माझी तरी दया करा." शेवटी गोरोन्वी काळं मार्कर घेऊन शिडीवर चढला, 'इंग्लंड' खोडलं, वर 'वेल्स' लिहिलं, तेव्हा कुठे आमच्या पंचवीस नंबरच्या बाकावरून पहिलं बूड हललं. नगराध्यक्षांनी भाषण केलं. त्यात तीनदा इंग्लंड म्हणाले.

राहायची सोय लोकांच्या घरी. एका घरात दोघे, बायकांची सोय वेगळी. माझ्या वाट्याला कोण? इथेलकाका! "तुला त्यांची सवय आहे ना," नेस्टबाई म्हणाल्या. सवय! आणि पलंग एकच, पांघरुणं मात्र दोन, ही त्यांच्याकडची पद्धत, म्हणजे भांडण नको. घरमालकीण फ्राउ ओटिली, फ्राउ म्हणजे त्यांच्याकडे 'बाई', पंचाहत्तरीची, ताठ, टेबलावर उकडलेली अंडी लोकरीच्या टोप्या घालून मांडलेली. इथेलकाकांनी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. काकांनी तिच्या हाताचं चुंबन घेतलं. पाच मिनिटांनी पुन्हा, "आपलं शुभनाव?" तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा चुंबन. एका न्याहारीत सात वेळा! ती बाई लाजून लाल. मला बाजूला घेऊन म्हणते कशी, "काय रसिक गृहस्थ आहेत हो तुमचे मित्र! माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत एकदा नाव विचारलं." मी अंड्याची टोपी काढली आणि खायला लागलो.

मी घसा जपत होतो. बियर नाही, गार पाणी नाही, वाऱ्याला गळ्याभोवती मफलर, बोलणं बंद. बाकीचे सगळे पिंपं रिकामी करतायत, मी आपला कोमट पाण्यात मध! "क्लेडविनला डोहाळे लागलेत," असं म्हणून हसायचे मेले. हसा, म्हटलं. शनिवारी ऐका.

शनिवार उजाडला. चर्च तुडुंब, चारशे माणसं, उभं राहायला जागा नाही. डिलिस तिसऱ्या रांगेत, नवीन कोट, फोन असा दोन्ही हातांत धरून, जसा काही तोच गाणार आहे. रांगा लागल्या. यंदा मी पुढे आणि इथेलकाका माझ्या मागे, नेस्टबाईंनी स्वतः हाताला धरून उभं केलं. पहिली सहा गाणी झाली. अकरा वेळा एकच सूर, सगळं नेहमीसारखं. आणि मग नेस्टबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि गुणगुण सुरू झाली.

तुम्हाला सांगतो, ती गुणगुण लांबून ऐकली तरी माणूस हातातलं काम सोडतो, इथे तर मी तिच्या मधोमध उभा. चार मात्रांनी माझी सुरुवात. मी श्वास घेतला. डिलिसने फोन वर केला. आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

"सरक, पोरा," इथेलकाका म्हणाले. "माझा सोलो आला."

आणि मला बाजूला सारून, अगदी हळू, प्रेमाने, दारातल्या पोराला सारावं तसं सारून, म्हातारा पुढे जाऊन उभा राहिला! ताठ! छाती काढून! सत्तावीस वर्षांची सवय हो, पायांना ठाऊक, डोक्याचा पत्ता नाही. पहिल्या ओळीचा पहिला शब्द आला. दुसरा नाही आला. तोंड उघडं राहिलं.

मी नेस्टबाईंकडे पाहिलं. नेस्टबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात काठी, ती खाली ठेवता येत नाही. गुणगुण चालूच. छत्तीस माणसं गुणगुणतायत आणि छत्तीसच्या छत्तीस जण डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघतायत. अहो, गप्प राहायचं होतं मी! नुसतं गप्प! माझं काय जात होतं? पत्रिकेत माझं नाव होतं, बायको समोर होती, दोन मात्रा मी गप्प राहिलो असतो तर त्या चारशे लोकांसमोर सगळं उघडं पडलं असतं, म्हाताऱ्याला खाली बसवला असता कुणीतरी, पाणी दिलं असतं, आणि मी पुढे होऊन गायलो असतो. कोण मला दोष देणार होतं? मनात आलं माझ्या ते. नाही आलं असं कशाला म्हणू? आलं. हातातोंडाशी आलेला घास होता हो तो.

आणि समोर ती मान. तो तीळ. मान जराशी थरथरत होती. म्हाताऱ्याला कळलं होतं की शब्द येत नाहीये.

गेलो मागे. काय करता? उभा राहिलो आणि गायलो. आणि असा गायलो, तुम्हाला सांगतो, असा आजवर कधी गायलो नाही. राग होता ना पोटात! मधाचा राग, बियरचा राग, चौतीस वर्षांचा राग, सगळा त्या शेवटच्या सुरात घातला. तो वर गेला, वर गेला, आणि तिथे थांबला. मी सोडला तरी तो वर छताला जरा वेळ राहिला. आणि मग जे लोक उठले, जे बाक वाजवले, पाय आपटले...

कुणासाठी? इथेलकाकांसाठी! आणि कुणाच्या नावाने? माझ्या! पत्रिकेत छापलेलं ना! चारशे जर्मन काकांभोवती गोळा, हेर म्हणजे त्यांच्याकडे श्रीयुत, "हेर प्रोबर्ट! हेर प्रोबर्ट!" नगराध्यक्षांनी मिठी मारली, "हेर प्रोबर्ट, या वयात हा आवाज!" नाव माझं, आवाज माझा, नुसतं तोंड त्यांचं! फ्राउ ओटिलीने तर पत्रिका पुढे केली, सही मागितली. काकांनी माझ्या नावाखाली झोकात सही केली, 'इथेल'. ती बिचारी कधी पत्रिकेकडे बघते, कधी त्यांच्याकडे. शेवटी तिने आपला हातच पुढे केला, आणि काकांनी काय केलं असेल? "आपलं शुभनाव?"

मी डिलिसला शोधत गेलो. ती बाकावर बसलेली, फोन पर्समध्ये. म्हटलं, "केलंस का रेकॉर्डिंग?" तर म्हणते, "करत होते रे. पण बघते तर काय, इथेलच पुढे येऊन उभा! म्हटलं, तोच गाणार तर कशाला फुकट बॅटरी घालवा." मग माझ्याकडे बघून जरा नरमली. "वाईट वाटून घेऊ नको. घाबरलास ना ऐन वेळी? होतं असं. पण गायला मात्र काय सुंदर तो! मला रडू आलं बघ." आणि खरंच, नवीन कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती. चौतीस वर्षांनी माझी बायको माझा आवाज ऐकून रडली, आणि मला म्हणतेय, वाईट वाटून घेऊ नको! सांगू? कसं सांगू? रीत आहे ना! ब्र काढायचा नाही! आणि काढला असता तरी पटलं असतं का? म्हणाली असती, "चल, काहीतरीच."

बाहेर आलो. पायरीवर इथेलकाका एकटेच बसलेले, टोपी मांडीवर. मी तसाच पुढे जाणार होतो, खरं सांगतो, त्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती मला. त्यांनीच हाक मारली. "पोरा, ये इकडे." गेलो. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "किती छान म्हटलंस रे! तो शेवटचा सूर... मला सत्तावीस वर्षांत असा लागला नाही. अगदी मानेपासून पाठीपर्यंत शिरशिरी गेली बघ."

आता यावर रागवायचं तरी कसं? कॉयरवाले रीतीला बांधलेले, बाकी चारशे माणसं होती तिथे, एक बायको होती, आणि गाणारा कोण हे त्या अख्ख्या गर्दीत कळलं कुणाला, तर ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला! मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो आणि ढसाढसा रडलो. म्हातारा पाठीवर हात फिरवत होता, "होतं, होतं. पहिला सोलो म्हटला की होतं."

तेवढं एक माझं होतं. म्हटलं, राहू दे सगळं, ही एक दाद पुरे, ही घेऊन घरी जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस परत निघाली. हाल्टेनबाख मागे पडलं, डिलिस पुढच्या बाकावर पेंगतेय, गोरोन्वी माइकवर संडासाचे नियम वाचतोय. इथेलकाका माझ्या शेजारी, खिडकीतून बाहेर बघत. मध्येच वळले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "काय रे, गप्पसा? भीती वाटतेय होय? आज तुझा सोलो ना?"

एका रात्रीत पुसलं! जगात ब्र काढणारा एकच साक्षीदार होता माझा, तोही गेला!

"अजिबात घाबरायचं नाही," म्हातारा म्हणतोय, "तुझं काही चुकायला लागलं तर... मी आहे ना!"

मी आपलं म्हटलं, "हो काका. तुम्ही आहात, तीच तर सगळी पंचाईत आहे."